मामा, कारगिल आणि न पोचलेलं पत्र

मामीचा फोन आला, "अरे, मामाची पुस्तकं घेऊन जा. कपाट रिकामं करायचंय. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही."

मामाला जाऊन आता वर्ष होईल. गेलो. कपाटात काय काय होतं? पुलं, दळवी, ज्योत्स्ना देवधर (हे मामीचे), ब्रिजवरची दोन इंग्रजी पुस्तकं, रेल्वेची जुनी टाइमटेबलं, आणि सगळ्यात खाली एक जाड पुस्तक. 'फ्रॉम सरप्राइज टू रेकनिंग', म्हणजे कारगिल आढावा समितीचा अहवाल. ते हातात घेतलं आणि मला एकदम जून १९९९ मधली एक पंगत आठवली. आठवली म्हणजे काय, विसरलो कधीच नव्हतो. आज ती लिहून टाकतो. घरातले जे जे हे वाचतात (मावशी, तू नक्की वाचशील), त्यांना ती पंगत आठवत असेलच.

आधी मामाबद्दल थोडं. मामा दिल्लीला सरकारी नोकरीत. कुठल्या खात्यात? "सेंट्रल गव्हर्नमेंट." काम काय? "फायली." बस्स, एवढंच. लग्नपत्रिकेवर घालायला एकदा आजोबांनी हुद्दा विचारला, तर म्हणाला नुसतं नाव घाला. पाच-सहा वर्षं तो कुटुंबासकट परदेशात होता, तिथेही फायलीच. आम्हा भाचरांमध्ये यावर भरपूर तर्क चालायचे. माझा मोठा भाऊ त्याला पाठीमागे 'बहिर्जी नाईक' म्हणायचा. मामा नक्की कोण होता हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित खरोखरच फायली असतील. पेन्शन विभागातला हिशेबनीस असेल. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी गैरसमज करून घेणार नाही.

तर जून १९९९. आजीचं सहस्रचंद्रदर्शन. कारगिलचं युद्ध ऐन भरात होतं. टीव्हीवर रोज पर्वत, तोफा आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या. त्याच आठवड्यात मँचेस्टरला वर्ल्ड कपमध्ये आपण पाकिस्तानला हरवलं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांचंच रक्त जरा जास्त गरम. मी कॉलेजात. म्हणजे सगळं कळतं असं वाटायचं वय. मामा शनिवारी रात्री आला होता आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. आईने विचारलं, "झोपला नाहीस का रे?" तर म्हणाला, प्रवास.

पंगत बसली. आमरस-पुरी, शेवटच्या पेटीतला आंबा. विषय अर्थातच कारगिल. आणि मी सगळ्यांसमोर मामाला म्हणालो, "मामा, हजारभर माणसं डोंगरावर चढून बंकर बांधून बसली आणि तुमच्या दिल्लीत कुणाला पत्ता नाही? तुम्ही लोक झोपला होतात का?"

एकदम शांतता. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. मामाने माझ्या वाटीकडे बघितलं आणि आईला म्हणाला, "ताई, याला रस वाढ. पुरी गार होतेय त्याची."

मला वाटलं, मी जिंकलो. त्यांच्याकडे उत्तर नाही!

आता पुस्तकाकडे येतो. दोन आठवडे रोज रात्री थोडं थोडं करून वाचलं. या समितीचे अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम. युद्ध २६ जुलैला संपलं आणि २९ जुलै १९९९ ला सरकारने समिती नेमली. सोबत लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि सतीश चंद्र. डिसेंबरमध्ये अहवाल तयार, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे, आणि मग पुस्तक म्हणून बाजारात. मधले काही भाग सुरक्षेसाठी गाळलेले आहेत, पण बाकी सगळं कुणीही वाचावं. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही, हे लक्षात घेतलं की या पुस्तकाचं मोल कळतं.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर या पुस्तकात आहे. मात्र ते 'हो' किंवा 'नाही' असं नाही.

गोष्ट सुरू कुठे होते बघा. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले. आपण सगळे टीव्हीसमोर बसून भारावलो होतो. नेमक्या त्याच हिवाळ्यात पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे सैनिक नियंत्रण रेषा ओलांडून कारगिलच्या शिखरांवर चढत होते. कारगिलकडची ही रेषा सुमारे १६८ किलोमीटरची. हिवाळ्यात तिथे इतका बर्फ आणि हिमकडे कोसळण्याची इतकी भीती, की गस्त जवळजवळ थांबतेच. हेलिकॉप्टरच्या फेऱ्या असायच्या. पण हादरणाऱ्या हेलिकॉप्टरमधून नुसत्या डोळ्यांनी खालचा पांढरा बर्फ बघायचा आणि त्यात पांढऱ्या कपड्यातला, हालचाल न करणारा माणूस शोधायचा. कसा दिसणार? आपल्या उपग्रहांना तेव्हा साधारण ६ मीटरपेक्षा लहान गोष्ट जमिनीवर वेगळी दिसत नसे. १ मीटरपर्यंत बारीक पाहणारा आपला पहिला उपग्रह ऑक्टोबर २००१ मध्ये वर गेला.

मग हे पाहिलं कुणी? तर एका मेंढपाळाने. गारकोन गावचा ताशी नामग्याल, मे १९९९ च्या सुरुवातीला हरवलेला याक शोधायला निघाला होता. दुर्बिणीतून त्याला डोंगरावर माणसं खणताना दिसली. त्याने खाली येऊन लष्कराच्या चौकीवर सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्यावर बातम्या आल्या होत्या.

ही गोष्ट आपण नेहमी अशी सांगतो की बघा, एवढ्या मोठ्या गुप्तचर संस्था आणि अखेर शोध लावला कुणी तर याकवाल्याने! मीही अशीच सांगायचो. पुस्तक वाचल्यावर मला त्या गोष्टीत दुसरंच काही दिसायला लागलं. ताशीने पाहिलं आणि ज्याला सांगायला हवं त्यालाच जाऊन सांगितलं. मध्ये कुणी नाही. दिल्लीत नेमकं इथेच घोडं अडलं होतं.

म्हणजे कसं ते सांगतो.

आपल्याकडे देशातली माहिती गोळा करणारी आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्यूरो. हिची मुळं इंग्रजांच्या काळात, १८८७ पर्यंत जातात. १९६२ ला चीन आणि १९६५ ला पाकिस्तान, या दोन्ही युद्धांत बाहेरच्या देशांची खबर ठेवण्यात आपण कमी पडलो, असं लक्षात आलं. तोवर देशातलं आणि देशाबाहेरचं दोन्ही काम आयबीच करत होती. म्हणून सप्टेंबर १९६८ मध्ये इंदिरा गांधींनी बाहेरच्या कामासाठी वेगळी संस्था काढली, ती 'रॉ'. रामेश्वरनाथ काव हे तिचे पहिले प्रमुख. तीनच वर्षांत बांगलादेश युद्ध आलं आणि त्यात रॉने मोठं नाव कमावलं. लष्कराची स्वतःची गुप्तवार्ता शाखा वेगळीच. आणि या सगळ्यांकडून आलेली माहिती एकत्र करून तिचा अर्थ लावायला संयुक्त गुप्तवार्ता समिती.

कागदावर सगळं छान आहे. आता २ जून १९९८ ला या. युद्धाच्या अकरा महिने आधी! आयबीच्या प्रमुखांनी एक पत्र पाठवलं. कारगिलच्या समोर, पलीकडच्या बाजूला काही हालचाली आणि तळ दिसताहेत, अशा अर्थाचं. पत्र कुणाकुणाला गेलं? पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृहसचिव आणि लष्कराच्या कारवायांचे महासंचालक. मोठमोठी नावं. आणि कुणाला गेलं नाही? समितीने तीन नावं सांगितली आहेत. रॉचे प्रमुख, ज्यांच्याकडे पलीकडे जाऊन खात्री करण्याची साधनं होती. संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष, ज्यांचं कामच अर्थ लावण्याचं होतं. आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक.

मी हा परिच्छेद तीनदा वाचला. आपल्या हाउसिंग सोसायटीत पाण्याची टाकी गळत असेल तर सेक्रेटरीला पत्र, चेअरमनला पत्र, वॉर्ड ऑफिसला पत्र. प्लंबरला कुणी सांगतच नाही. तसलाच प्रकार. फक्त इथे गळणाऱ्या टाकीखाली माणसं उभी होती.

रॉच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. १९९८ च्या मध्यावरच्या सहा महिन्यांचा जो आढावा रॉने घेतला, त्यात म्हटलं होतं की पाकिस्तानची आर्थिक अवस्था पाहता भारताशी युद्ध करणं त्याला परवडणारं नाही, पण झटपट आणि मर्यादित असा हल्ला होऊच शकणार नाही असं नाही. म्हणजे शंका मनात आली होती. त्यानंतरचा सहा महिन्यांचा आढावा मार्च १९९९ पर्यंतचा. त्यात ती शंकाच गायब! म्हणजे पलीकडची माणसं बर्फात चढत होती त्याच काळात आपल्या कागदावरून ती शक्यता उतरली. सीमेपलीकडे आणलेल्या काही जादा पलटणीही वेळेवर हेरल्या गेल्या नाहीत. तेव्हा सगळा दोष पत्त्यावर ढकलून चालणार नाही. माहितीही कमीच पडली होती.

आणि सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. त्या उंचीवर, त्या थंडीत, कुणी फौज नेऊन बसवणारच नाही. बसवली तरी टिकणार नाही. लष्करालाही तेच वाटत होतं, राजकारण्यांनाही, हेरांनाही. सामरिकदृष्ट्या तो पाकिस्तानचा मूर्खपणाच होता, आणि शेवटी तसाच ठरला. पण समोरचा शहाण्यासारखंच वागेल हे गृहीत धरणं हाही मूर्खपणाच की. हेरगिरीत माहिती मिळवणं हे अर्धं काम झालं. मिळालेल्या माहितीवर विश्वास ठेवायला मन तयार असणं, हे उरलेलं अर्धं. मला तर हे आपल्या रोजच्या जगण्यातही पटतं. बाबांच्या छातीत दुखत होतं ते आम्ही सगळे दोन महिने ऐकत होतो. ॲसिडिटी म्हणत होतो.

आता दुसरी बाजू.

मे १९९९ चा शेवटचा आठवडा. पाकिस्तानचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ बीजिंगच्या दौऱ्यावर. त्यांचे चीफ ऑफ जनरल स्टाफ मोहम्मद अझीझ रावळपिंडीत. २६ आणि २९ मेला दोघे फोनवर बोलले. मोकळेपणाने, साध्या फोनवर. आणि ते बोलणं इकडे रॉने ऐकलं, टिपलं. डोंगरावरचे लोक मुजाहिदीन आहेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, असं पाकिस्तान जगाला सांगत होता. त्या बोलण्यातून स्पष्ट झालं की सूत्रं लष्कराच्याच हातात आहेत.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? टेप जाहीर करावी तर जगापुढे पाकिस्तान उघडा पडतो. पण त्याच क्षणी त्यांना कळतं की ही लाइन ऐकली जाते आणि ती वाट कायमची बंद होते. जाहीर न करावी तर वाट राहते, पण डोंगरावर माणसं मरताहेत आणि जग म्हणतंय दोघांनीही संयम पाळा. सरकारने ती ११ जून १९९९ ला जाहीर केली, पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत यायच्या आदल्या दिवशी. फायदा झालाच. पण हे करायला नको होतं असं मानणारे लोक गुप्तचर वर्तुळात तेव्हाही होते आणि नंतरही राहिले. मला आधी वाटायचं यात वाद काय? आता वाटतं, बरोबर उत्तर असं इथे नव्हतंच बहुधा. कुठली किंमत मोजायची, एवढंच ठरवायचं होतं.

तारीख बघितलीत? ११ जून, शुक्रवार. आमची पंगत १३ जूनला, रविवारी. वाचताना मी इथे थांबलो. कॅलेंडर काढून खात्री केली. मामाचे लाल डोळे आठवले. पुन्हा सांगतो, त्याचा या सगळ्याशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. दिल्लीहून निघालेला माणूस थकलेला असायला टेपच लागते असं नाही. पण दोन दिवसांपूर्वीच ज्यांच्या कामामुळे सगळ्या जगाला खरं काय ते कळलं होतं, त्या 'तुम्ही लोकांना' मी झोपला होतात का म्हणून विचारत होतो, एवढं मात्र खरं. टेपची बातमी मी वाचलेली होती. टाळ्याही वाजवल्या होत्या. ती टेप कुणीतरी रात्रभर कानाला लावून बसलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

या कामाचं असंच आहे. चुकलं की समिती बसते, अहवाल निघतो, पुस्तक छापून येतं. जमलं तर काहीच होत नाही, आणि काहीच न होण्याची बातमी होत नाही. बहिर्जी नाईकांचं नाव आपण सगळे घेतो. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीआधी त्यांनी शहराची खडानखडा माहिती आणली असं सांगतात. पण त्यांच्याबद्दल अस्सल कागदपत्रं शोधायला जा, हाताला फार थोडं लागतं. काम चोख केल्याचाच तो पुरावा म्हणायचा.

मात्र याच पडद्याचा दुसरा धोकाही आहे, तोही लिहायला हवा, नाहीतर हे नुसतं मामापुराण होईल. पडद्याआड यश लपतं तसा गैरवापरही लपतो. आणीबाणीत देशाच्या शत्रूंऐवजी सरकारच्या विरोधकांवर नजर ठेवायला ही यंत्रणा वापरली गेली. आपल्याकडे आयबी आणि रॉ यांच्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. माहिती अधिकारातूनही त्या बऱ्याचशा बाहेर आहेत. म्हणजे प्रश्न विचारायला जागाच कमी. सुब्रह्मण्यम समितीसारखं कुणी आत जाऊन सगळं तपासून, मोठ्या माणसांची नावं घेऊन, लोकांपुढे मांडतं, तेव्हाच आपल्याला कळतं. म्हणून माझा तो प्रश्न मुळात चूक नव्हता. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. 'कसं कळलं नाही?' हे विचारायचा हक्क त्यांच्या घरच्यांना आहेच, तुम्हाआम्हालाही आहे.

अहवालानंतर काही गोष्टी बदलल्याही. मंत्रिगटाने २००१ मध्ये सगळ्या व्यवस्थेचा आढावा घेतला. २००२ मध्ये तिन्ही सेनादलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था निघाली, २००४ मध्ये तांत्रिक हेरगिरीसाठी एनटीआरओ आली. वेगवेगळ्या संस्थांनी एकमेकांना माहिती द्यावी म्हणून मल्टी एजन्सी सेंटर सुरू झालं. पत्र योग्य टेबलावर पोचावं, यासाठीच हा सगळा खटाटोप.

आणि तरीही २६ नोव्हेंबर २००८ उजाडला. आपली मुंबई, १६६ जीव. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. बालचंद्रन स्वतः महाराष्ट्राच्या पोलीस सेवेतले आणि नंतर रॉमध्ये काम केलेले. त्यांनाही काय आढळलं? समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो असे इशारे आधी येऊन गेले होते. त्यांचं पुढे जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. दहा वर्षांनी पुन्हा तेच पत्र, पुन्हा पत्ता हुकलेला. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मामा निवृत्तीनंतर पुण्यातच होता. जवळजवळ वीस वर्षं. दर महिन्यात भेट व्हायची. ब्रिज खेळायचो, जेवायचो. त्याने तो रविवार कधीच काढला नाही, मीही नाही. दोन-तीनदा अगदी तोंडावर आलं होतं, मामा, मी तेव्हा जरा जास्तच बोललो. पण मग वाटायचं, तो विसरलाही असेल, कशाला उकरायचं. आता वाटतं, न पाठवलेल्या पत्राचंही तसंच असतं.

प्रश्न बरोबर होता, पण मी तो अशा एकाच माणसाला विचारला ज्याला उत्तर द्यायची मुभा नसावी. तेही त्याच्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला, भरल्या ताटावर. विचारायचा तर मतदान करताना विचारायचा होता, आमदार-खासदाराला विचारायचा होता, निदान हा अहवाल निघाला तेव्हा विकत घेऊन वाचायचा होता. दोनशे-तीनशे रुपयांत मिळालं असतं उत्तर. मामाने घेतला होता. मी पंचवीस वर्षांनी फुकट नेला.

हो, एक राहिलं. पुस्तक घरी आणल्यावर मी आधी काय केलं असेल? पान न् पान उलटून पाहिलं. एखादी पेन्सिलची रेघ, समासात एखादा शब्द, दुमडलेला कोपरा, काही तरी. त्या २ जूनच्या पत्राच्या पानावर तर दिव्याखाली धरून पाहिलं. काही नाही. वाचून वाचून कणा मोडलेला, पाठ सुटत आलेली, पण आत एक खूण नाही.

मामीला फोनवर हे सांगितलं तर हसली. म्हणाली, "अरे, तो वाण्याची यादीसुद्धा पाठ करून जायचा. लिहून ठेवलं म्हणून कधी पाहिलंय का तू?"

असो. बरंच लांबलं. मावशी, आई, तुम्हाला त्या दिवसाचं काही वेगळं आठवत असेल तर सांगा. आणि ज्यांच्या घरी असा एखादा 'फायलीवाला' मामा-काका अजून आहे, त्यांनी त्याला उगाच खोदून विचारू नका. रस वाढा.